टाके निघाले, माणूस उठला काय?

पहिल्या पानावर अग्रलेख लिहिण्याचा प्रसंग वृत्तपत्रावर क्वचित येतो. सरकार पडले, धरण फुटले किंवा एखादा थोर पुरुष निवर्तला, म्हणजे संपादक आतले पान सोडून बाहेर येतो. आज यांपैकी काहीही घडलेले नाही. आज आम्ही बाहेर आलो आहोत ते म्हाताऱ्या माणसाच्या पोटातील आतड्यासाठी. विषय काहीसा अशिष्ट आहे, हे आम्हांस मान्य आहे. शौचाची गोष्ट चारचौघांत काढू नये, असा आपला संस्कार. आणि या संस्काराच्याच आडोशाने मोठ्या आतड्याचा कर्करोग आपल्या घरांतून महिनेन् महिने मूळव्याधीच्या नावाने नांदत असतो. तेव्हा संकोच बाजूस ठेवून लिहिणे भाग आहे.

वृत्तपत्रात येण्यापूर्वी आम्ही ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे गणित शिकविणारे एक ज्येष्ठ शिक्षक होते. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. सेवानिवृत्तीनंतर रोज पहाटे हिमायत बागेत दोन फेऱ्या, घरी आल्यावर स्वतःच्या हाताने केलेला चहा आणि मग वर्तमानपत्रातील शब्दकोडे, असा त्यांचा नित्यक्रम. शहात्तराव्या वर्षी त्यांना दम लागू लागला. रक्त तपासले तेव्हा रक्तक्षय निघाला. ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणण्यात तीन महिने गेले. शेवटी दुर्बिणीची तपासणी झाली आणि मोठ्या आतड्यात गाठ सापडली. त्या दिवसापासून शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत साडेतीन आठवडे लोटले. सीटी स्कॅन, हृदयाची तपासणी, भूलतज्ज्ञांचा शेरा, विम्याचे कागद यांत ते गेले. या साडेतीन आठवड्यांत घरच्या मंडळींनी प्रेमापोटी त्यांचे फिरणे बंद केले. पोटाला हलके म्हणून भाकरी-वरण जाऊन पेज आणि साबुदाण्याची खीर आली. भेटावयास येणारा प्रत्येक जण ‘सर, आता पूर्ण आराम करा’ असे सांगून जाई. आम्हीही तेच सांगून आलो होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री दहापासून पाण्याचा थेंबही द्यावयाचा नव्हता. सकाळची वेळ काही कारणाने दुपारी चारवर गेली; म्हणजे शहात्तर वर्षांचा हा माणूस अठरा तास कोरडा राहून शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला. शस्त्रक्रिया मात्र उत्तम झाली. गाठ संपूर्ण निघाली, आतड्याचा जोड टिकला. त्यानंतर आठ दिवस सर खाटेवर. चष्मा आणि कानाचे यंत्र ‘हरवू नये म्हणून’ मुलाच्या पिशवीत. तिसऱ्या रात्री ते सुनेला शाळेतील शिपाई समजून तास संपल्याची घंटा द्यावयास सांगू लागले. घरच्यांस वाटले, डोक्यावर परिणाम झाला. सोळाव्या दिवशी त्यांस घरी पाठविले. कागदावर ‘प्रकृती समाधानकारक’ असा शेरा होता. घरी आल्यावर त्यांना कमोडवरून आधारावाचून उठता येईना. या गोष्टीला आता वर्ष झाले. कर्करोग उलटलेला नाही. सर मात्र हिमायत बागेत परत गेलेले नाहीत.

यात दोष कोणाचा, असे विचारले तर बोट दाखविण्यास माणूस सापडत नाही. शल्यविशारदांनी आपले काम चोख केले. परिचारिकांना पाणी पिण्यास फुरसत नव्हती. घरच्यांनी तर जिवाचे रान केले. तरीही एक स्वावलंबी माणूस परावलंबी होऊन परत आला. सर्वांनी आपापले कर्तव्य करूनही जेव्हा परिणाम वाईट होतो, तेव्हा दोष माणसांत नसून रीतीत असतो. आणि ही रीत आता बदललेली आहे, निदान जगात बदललेली आहे. आपल्या शहरात ती बदलावी, एवढेच आमचे मागणे आहे.

आमच्याकडे चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. सुश्रुताने फाटलेले आतडे शिवण्यासाठी मुंग्यांचा उपयोग सांगितला, हे आपण व्याख्यानांतून अभिमानाने ऐकवितो. परंतु त्याच सुश्रुताने जखमी रोग्याच्या निवासाची, शय्येची आणि त्याच्याजवळ बसून गोड बोलणाऱ्या स्नेह्यांची चिंता वाहणारा एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. मुंग्या आम्हांस आठवतात, शुश्रूषा विसरते. आजच्या रुग्णालयांचेही काहीसे तसेच झाले आहे. पहिल्या दोन पायांवर आपण कोट्यवधी रुपये खर्च केले; उरलेले दोन पाय लुळे ठेवले.

शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेचा नव्याने विचार करणाऱ्यांत कोपनहेगनचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांनी कोणतेही नवे यंत्र शोधून काढले नाही. त्यांनी फक्त प्रश्न विचारले. मध्यरात्रीपासून उपाशी का ठेवावयाचे? वायू सरेपर्यंत तोंडाने काही का द्यावयाचे नाही? नाकातून नळी का? इतके दिवस खाटेवर का? प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच मिळे : पूर्वापार तसेच चालत आले आहे. शाळेत आम्ही मुलांना ‘असे का?’ असे विचारावयास शिकवितो आणि मोठेपणी ते विसरतो, त्याचेच हे उदाहरण. १९९५ साली केलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नऊ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या मोठ्या आतड्याचा भाग दुर्बिणीने काढला होता, वेदना पाठीच्या कण्याजवळ सोडलेल्या औषधाने आटोक्यात ठेवल्या होत्या, आणि त्यांना लगेच खाऊ घालून चालविले होते. बहुतेकांना दोन दिवसांत घरी जाता आले. नऊ ही संख्या लहान आहे. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ते नऊ जण धडधाकट तरुण नव्हते, वृद्ध होते. ‘हे सारे तरुणांना ठीक, आमच्या आजोबांना कसे झेपेल?’ या शंकेचे उत्तर अशा रीतीने प्रारंभीच मिळालेले आहे. पुढे युरोपातील शल्यविशारदांनी या विचाराला शिस्तबद्ध रूप दिले. ‘इरास’ या आद्याक्षरी नावाने ही पद्धत आता जगभर ओळखली जाते आणि तिच्या मार्गदर्शक सूचना वेळोवेळी सुधारून प्रसिद्ध होतात.

या पद्धतीत सांगितलेल्या गोष्टी ऐकल्या म्हणजे त्यांच्या साधेपणाचे आश्चर्य वाटते. ज्यांच्या आतड्यात अडथळा नाही किंवा जठर रिकामे होण्यास विलंब लागत नाही, अशा रोग्यांनी भूल देण्यापूर्वी सहा तासांपर्यंत हलके अन्न आणि दोन तासांपर्यंत पाणी किंवा गाळीव सरबतासारखे स्वच्छ द्रव घेण्यास हरकत नाही. शिरेतून सलाईन द्यावयाचे ते मोजून. अति झाले तर आतड्यालाच सूज येते आणि ते काम करीनासे होते. गुंगी आणणारी वेदनाशामके कमीत कमी. कारण तीच आतड्याला झोपवितात आणि म्हाताऱ्या मेंदूला भ्रमात टाकतात. लघवीची नळी शक्य तितक्या लवकर काढावयाची. पहिल्याच दिवशी खाटेच्या कडेला पाय सोडून बसावयाचे, दुसऱ्या दिवशी वऱ्हांड्यात चालावयाचे, आणि तोंडाने खाणे वायू सरण्याची वाट न पाहता बेताबेताने सुरू करावयाचे. श्वासाने तीन गोळ्या वर उचलण्याचे ते प्लास्टिकचे यंत्र आपल्याकडे प्रत्येक रोग्याच्या उशाशी दिसते. बहुतेकदा ते उशाशीच राहते.

खाटेविषयी आमच्या मनात एक भाबडी श्रद्धा आहे. ‘पडून राहिले की भरून येते’ हा समज केवळ आपलाच नव्हे. १९४७ साली लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर या डॉक्टरांना अंथरुणात पडून राहण्याचे धोके सांगणारा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहावा लागला होता. अलीकडे, २००७ साली, अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साठी उलटलेल्या निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणात ठेवले. त्यांना ना आजार होता, ना शस्त्रक्रिया. दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस झडले. निरोग्यांची ही गत, तर कर्करोगाने आधीच वाळलेल्या आणि पोट उघडून निघालेल्या वृद्धाची काय होत असेल? आमच्या सरांना कमोडवरून उठता येईना, त्याचे कारण कर्करोगात शोधण्याची गरज नाही. ते आठ दिवसांच्या आरामात आहे.

आहाराचा विषय आम्ही थोडा विस्ताराने मांडतो, कारण तो प्रत्येक वाचकाच्या स्वयंपाकघरातला आहे. अशा शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत, असे पोषणशास्त्र सांगते. साठ किलोच्या माणसाला ही मात्रा पंचाहत्तर ते नव्वद ग्रॅम होते. आता आपल्या ताटाकडे पाहा. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, एका अंड्यात सहा. साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही, आणि नारळपाण्यातही नाही. म्हणजे दिवसभर पेज, खीर आणि नारळपाणी घेणारा आजारी माणूस पोट भरल्याच्या समाधानात उपाशी असतो. येथे दूध, घट्ट दही, पनीर, डाळीचे घट्ट वरण, शेंगदाण्याचे कूट, चालत असेल तेथे अंडी आणि मासे यांची योजना करावी लागते. आणि ती दिवसातून दोनदा भरपूर अशी नव्हे, तर सहा वेळा थोडी थोडी, कारण म्हातारपणी भूकच लहान असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना हे प्रमाण लागू नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर आरंभीच्या दिवसांत कोंडा व चोथा टाळावा लागतो. म्हणून आहारतज्ज्ञाचा शब्द घेऊनच हे करावयाचे. पण असा आहारतज्ज्ञ किती रोग्यांच्या खाटेशी प्रत्यक्ष येऊन बसतो, हा प्रश्न उरतोच.

सुनेला शिपाई समजणारे सर वेडे झाले नव्हते. शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना असा भ्रम होणे ही नेहमीची गोष्ट आहे. ती बहुतांशी ओसरते, पण तिच्यामुळे मुक्काम लांबतो आणि पुढची उभारीही मंदावते. तिच्यावरचे उपाय ऐकून वाचक हसतील. शुद्धीवर येताच चष्मा डोळ्यांवर, यंत्र कानात, कवळी तोंडात. समोर घड्याळ आणि तारखेचे कॅलेंडर. दिवसा खिडकीतून उजेड, रात्री अंधार आणि शांतता. शेजारी ओळखीचा चेहरा. झोपेच्या गोळ्या शक्यतो नाहीत. सुश्रुताला हे पटले असते.

परंतु आमचा खरा आग्रह शस्त्रक्रियेच्या आधीच्या दिवसांविषयी आहे. सरांचे साडेतीन आठवडे आठवा. रोग्याच्या आयुष्यातील हे दिवस आज केवळ रांगेत जातात. याच दिवसांत त्याला रोज चालविले, खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम दिला, प्रथिने वाढविली, रक्तक्षयासाठी लोह दिले (गरज पडल्यास शिरेतून), तंबाखू सोडविली, आणि पुढे काय घडणार आहे हे त्याच्या भाषेत समजावून सांगितले, तर तो शस्त्रक्रियेला सामोरा जातो तो निराळाच माणूस असतो. परीक्षेच्या आधी अभ्यास करावयाचा की नंतर, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. २०२३ साली ‘जामा सर्जरी’ या नियतकालिकात मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या २५१ रोग्यांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार आठवडे अशी पूर्वतयारी केलेल्यांपैकी सुमारे सतरा टक्के रोग्यांस गंभीर गुंतागुंत झाली; तयारी न केलेल्यांत हे प्रमाण सुमारे तीस टक्के होते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२० साली कॅनडातील फ्रान्सेस्को कार्ली व सहकाऱ्यांनी अतिशय अशक्त अशा ११० वृद्ध रोग्यांवर केलेल्या चाचणीत, आधी तयारी केलेले आणि नंतर व्यायाम दिलेले यांच्यात गुंतागुंतीच्या बाबतीत फरक दिसला नाही. तेव्हा पूर्वतयारी ही काही जादू नव्हे. जो फारच झिजला आहे त्याला महिनाभरात उभारी येईलच असे नाही, आणि आतडे अडले असेल तर वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. कर्करोगाची शस्त्रक्रिया व्यायामासाठी लांबवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जे दिवस तसेही जाणारच आहेत ते वाया घालवू नका, इतकेच आमचे म्हणणे आहे.

व्यायामाचा पल्ला शस्त्रक्रियेनंतरही संपत नाही. आतड्याचा कर्करोग काढून केमोथेरपी पूर्ण केलेल्या ८८९ रोग्यांवर, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात, एक दीर्घ चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनंतर सुमारे नव्वद टक्के हयात होते. केवळ माहितीपत्रक हाती दिलेल्यांपैकी त्र्याऐंशी टक्के. माहितीपत्रक आपणही देतो.

आता आपल्या शहराकडे वळू. छत्रपती संभाजीनगरात १९५६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोक त्याच्या रुग्णालयाला आजही ‘घाटी’ म्हणतात. आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून उभे आहे आणि त्यास राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलढाणा व खानदेशापर्यंतचे रोगी येथे येतात. एके काळी ज्यांना परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या बाहेर पदपथावर रात्री काढाव्या लागत, त्यांतील पुष्कळांची ही यातना या संस्थेने वाचविली आहे. हे ऋण मराठवाड्याने विसरू नये. खाजगी व धर्मादाय रुग्णालयांतही आतड्याच्या शस्त्रक्रिया दुर्बिणीने होऊ लागल्या आहेत. तेव्हा शस्त्राच्या बाबतीत आपण दरिद्री राहिलेलो नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने २०१८ साली वृद्ध कर्करोग्यांसाठी स्वतंत्र तपासणी विभाग सुरू केला. तेथे वयाचा आकडा पाहून निर्णय होत नाही. चाल कशी आहे, स्मृती कशी आहे, किती औषधे चालू आहेत, आहार किती, घरी कोण आहे, हे सर्व तपासले जाते. परळला जे सुरू होऊ शकले ते आमखास मैदानावर का होऊ नये?

हा प्रश्न आम्ही आग्रहाने विचारतो, कारण वयाच्या आकड्याने आपल्याकडे दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. ‘आता पंचाहत्तरीत कशाला चिरफाड?’ असे म्हणून काही घरांत बऱ्या होण्याजोग्या माणसाला घरीच ठेवतात. तर कोठे, अशक्तपणाचे मोजमाप न करताच, ज्याला शस्त्रक्रिया झेपणार नाही त्यालाही टेबलावर घेतले जाते. पंचाहत्तरीचे दोन गृहस्थ सारखे नसतात. गोगाबाबा टेकडी रोज चढणारा आणि खोलीतून ओसरीवर येताना धापा टाकणारा, यांच्या जन्मतारखा एक असल्या तरी शस्त्रक्रियेपुढे ते दोन निरनिराळे रोगी आहेत.

यावर आक्षेप येतील, ते आम्ही जाणतो. पहिला मनुष्यबळाचा. जेथे एका परिचारिकेवर चाळीस रोग्यांचा भार पडतो, तेथे कोणाला कोण चालविणार? आक्षेप खरा आहे. परंतु चालण्यास यंत्र लागत नाही. आणि परदेशात नाही ते एक बळ आपल्यापाशी आहे : वऱ्हांड्यात चटई टाकून बसलेले नातेवाईक. त्यांना दाखल होण्याच्या दिवशीच अर्धा तास शिकविले, दिवसातून किती वेळा उठवावयाचे, कोठपर्यंत चालवावयाचे, काय खाऊ घालावयाचे हे कागदावर लिहून दिले, तर निम्मे काम होईल. मात्र येथे एक इशारा देणे अवश्य आहे. ‘नातेवाईक आहेत’ ही सबब करून शासनाने फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका यांच्या जागा रिकाम्या ठेवू नयेत. घरचे नातेवाईक म्हणजे व्यवहारात घरची सून किंवा मुलगी असते. तिची मजुरी बुडते, तिची मुले घरी वाट पाहतात, आणि तिचे कष्ट कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत. शिकविण्यासाठीही शिकविणारा लागतोच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. ‘लवकर घरी’ या तत्त्वाचा गैरवापर होऊन, खाटा रिकाम्या करण्यासाठी म्हाताऱ्यांना पाचव्या दिवशी बाहेर काढले जाईल. ही भीती अनाठायी नाही. आतड्याचा जोड सुटण्याचे संकट बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपास उद्भवते. कोपनहेगनचा रोगी घरी जातो तेव्हा फोन केला की पलीकडून परिचारिका बोलते. आपला रोगी कन्नडच्या पलीकडच्या वस्तीवर जातो. ताप आला, पोट फुगले, उलट्या होऊ लागल्या, दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, तर तासाभरात निघावयाचे की सोमवारच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट पाहावयाची, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. म्हणून घरी पाठविण्याच्या कागदावर ही लक्षणे ठळक मराठीत आणि खाली चोवीस तास उचलला जाणारा एक दूरध्वनी क्रमांक, एवढे तरी असल्यावाचून लवकर घरी पाठविण्याची भाषा कोणी करू नये.

आणखी एक गोष्ट चारचौघांत बोलली जात नाही; पण ती टाळून हा लेख पुरा होणार नाही. आपल्याकडे गुदाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण बरेच आहे. त्यात पुष्कळांच्या पोटावर शौचासाठी तोंड काढून पिशवी लावावी लागते; काहींना काही महिने, काहींना जन्मभर. डॉक्टर तिला स्टोमा म्हणतात. माणूस त्यानंतर देवपूजा सोडतो, लग्नकार्यास जात नाही, वारीला जाणे सोडतो, एस.टी.त बसावयास भितो. घरात त्याचे ताट वेगळे वाढले जाते. ज्या शहराला पाण्याची टंचाई ठाऊक आहे, त्या शहरात या स्वच्छतेसाठी पाणी पुरविणे ही स्वतंत्रच चिंता. पिशवी कशी बदलावी हे शस्त्रक्रियेनंतर गोंधळलेल्या वृद्धास घाईने दाखविण्याऐवजी आधीच, शांतपणे, हातात देऊन शिकवावयास हवे. कोठे तोंड काढल्यास त्याला स्वतःला दिसेल आणि धोतर किंवा साडी नेसता येईल, हेही आधीच पाहावयास हवे. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा लोकांना एकत्र आणते. स्वतः पिशवी लावणारा माणूस नव्या रोग्यापुढे उभा राहतो आणि म्हणतो, ‘मी नोकरी केली, प्रवास केला, तुम्हीही कराल.’ हे वाक्य कोणताही शल्यविशारद तितक्या अधिकाराने उच्चारू शकत नाही. मराठवाड्यात असे पाच-दहा माणसे एकत्र येण्यास काय अडचण आहे?

पैशाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमुळे शस्त्रक्रियेचा खर्च पुष्कळ अंशी सुटला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तर सत्तर वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान योजनेत कुटुंबागणिक वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांची हमी मिळाली आहे. शासनाचे हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण या योजनांची आखणी शस्त्रक्रियेभोवती झालेली आहे. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांचा व्यायाम, पोषण, आणि घरी गेल्यानंतरची महिनाभराची फिजिओथेरपी ही त्या आखणीच्या कडेला पडते. पाच लाखांची हमी देणाऱ्यास आणखी काही हजारांत तिचे फळ पदरात पाडून घेता येते, हा हिशेब मांडण्यास गणिताच्या शिक्षकाची गरज नाही.

औरंगाबादची कर्करोग नोंदणी ही राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा भाग आहे. येथे किती जणांना कोणता कर्करोग झाला आणि किती जण दगावले, याची मोजदाद होते, आणि ती मोलाची आहे. परंतु शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांपैकी किती जण नव्वदाव्या दिवशी स्वतःच्या हाताने आंघोळ करतात, किती जण जिना चढतात, किती जणांना भ्रम झाला, किती जण महिन्याच्या आत परत दाखल झाले, हे आमच्या माहितीप्रमाणे कोणी शहराला सांगत नाही. जे मोजले जात नाही ते सुधारत नाही, याचा अनुभव प्रत्येक शिक्षकाने उत्तरपत्रिका तपासताना घेतलेला असतो. ज्याची पानभर हजेरी लिहिली जाते त्या मुलाची प्रगती मात्र कोऱ्या रकान्यात राहते, अशी शाळा आम्ही पाहिली आहे.

म्हणून घाटीचे अधिष्ठाता, शासकीय कर्करोग रुग्णालयाचे प्रमुख आणि शहरातील मोठ्या खाजगी व धर्मादाय रुग्णालयांचे चालक यांस आम्ही जाहीरपणे पाच प्रश्न विचारीत आहोत. सत्तरी ओलांडलेल्या रोग्याची चाल, स्मृती आणि पोषण शस्त्रक्रियेपूर्वी लेखी तपासले जाते काय? निदानापासून शस्त्रक्रियेपर्यंतच्या दिवसांत त्यास व्यायाम व आहार यांची आखणी मिळते काय? भूल देण्यापूर्वी किती तास पाणी बंद ठेवले जाते, आणि वेळ पुढे गेली तर त्याचे काय करतात? शस्त्रक्रियेनंतर कितव्या दिवशी रोगी उठून चालतो, याची नोंद होते काय? आणि घरी गेल्यावर रात्री दोन वाजता त्याने कोणत्या क्रमांकावर बोलावे? उत्तरे कडू असली तरी चालतील; मनुष्यबळ नाही, असे उत्तर आले तर ते मंत्रालयापर्यंत पोहोचविण्याचे काम आमचे. जी उत्तरे येतील ती आम्ही याच पानावर, एकही शब्द न गाळता, छापू. आणि ज्यांचे उत्तर येणार नाही, त्यांच्या नावापुढील जागा कोरी ठेवू.